गाईडात नसलेल्या शब्दापासून सुरुवात

आठवी-नववीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला पुढची वाक्ये ओळखीची वाटतील. ‘दुष्काळ म्हणजे जेव्हा पाऊस पडत नाही.’ ‘धरण म्हणजे जिथे पाणी अडवतात ते.’ ‘प्रामाणिक म्हणजे खरे बोलणे.’ ‘शिक्षक म्हणजे जो शिकवतो त्याला शिक्षक म्हणतात.’ ही वाक्ये लिहिणाऱ्या मुलांना शब्द कळलेला नाही असे कुणी म्हणणार नाही. शिंदखेडा तालुक्यातल्या मुलाने घरची विहीर आटताना पाहिलेली असते; त्याला दुष्काळ आपण काय समजावून सांगणार? घोडे अडते ते वाक्यापाशी. माहीत असलेली गोष्ट एका नेमक्या, शुद्ध वाक्यात बसवायची कशी, हे त्याला कुणी करून दाखवलेले नसते. आपण व्याख्या पाठ करून घेतो, लिहायला शिकवायचे राहून जाते.

पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी शब्दार्थ असतात आणि मुले ते इमानेइतबारे घोकतात. पण शब्दार्थ आणि व्याख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘सरिता – नदी’ हा शब्दार्थ झाला. नदी म्हणजे काय, ते त्यात आलेच नाही. समानार्थी शब्दावर भागते तोवर मुलाला वाक्य रचायची वेळच येत नाही. विज्ञान-भूगोलात व्याख्या येतात, पण त्या तयार मिळतात आणि जशाच्या तशा पाठ करायच्या असतात. मधला एखादा शब्द निसटला की पुढचे सगळे गडबडते. दहावीपर्यंत पोहोचलेल्या कित्येक मुलांनी स्वतःच्या डोक्याने केलेली अशी एकही व्याख्या लिहिलेली नसते.

म्हणून पहिली सूचना ही, की ज्या शब्दाचा अर्थ गाईडात, ‘अपेक्षित’मध्ये किंवा मोबाइलवर आयता सापडणार नाही, अशा शब्दापासून सुरुवात करा. खानदेशात अशा शब्दांना तोटा नाही. रावेर-यावलकडे फणी, पील, खोडवा, मृगबाग, कांदेबाग. कपाशीच्या गावांत बोंड, वेचणी, सरकी, फरदड. साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड आणि पाटकरी. घराघरांत मांडे, खापर, कळणा, कानबाईचे रोट, आखाजी. हे शब्द मुलांचे स्वतःचे आहेत. उतरवून घ्यायला काही नसल्यामुळे त्यांना विचार करावाच लागतो आणि वाक्य रचावेच लागते. लातूर-सोलापूरकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या शिक्षकांना तर आणखी एक फायदा आहे. त्यांना यातले निम्मे शब्द खरोखरच माहीत नसतात. ‘मला कळेल असे लिहा’ हे त्यांचे म्हणणे मुलांना खरे वाटते, आणि खरा वाचक समोर असला की मुले जपून लिहितात.

एका फणीसाठी एक तास

रावेर तालुक्यातला सातवीचा वर्ग धरू. बाईंनी फळ्यावर ‘फणी’ लिहिले. पहिले उत्तर हमखास येते, ‘फणी म्हणजे केळी.’ बाईंनी विचारावे, ‘पिशवीत सुटी केळी आणली तर ती फणी का?’ वर्ग नाही म्हणतो. दुसरे उत्तर येते, ‘फणी म्हणजे डझनभर केळी.’ इथे ज्यांच्या घरी बाग आहे ती मुलेच भांडायला उठतात. चौदाची फणी असते, अठराची असते, घडाच्या शेंड्याकडे ती लहान होत जाते. आकडा बाद. तिसरे उत्तर, ‘फणी म्हणजे जेव्हा केळी एकमेकांना चिकटलेली असतात ती.’ आशय जवळ आला, पण वाक्य लंगडे. ‘जेव्हा’ या शब्दाने वेळ सांगितली जाते आणि फणी ही काही वेळ नव्हे. आता बाईंनी नेमका प्रश्न विचारावा, ‘फणी ही काय आहे? माणूस, जागा, वेळ, काम, वस्तू? वस्तू, तर कसली?’ कुणीतरी म्हणते, ‘झुपका.’ हा शब्द मिळाला की अर्धे काम झाले.

चौथे वाक्य मग असे होते: ‘फणी म्हणजे देठाशी चिकटलेल्या केळ्यांचा झुपका.’ इथे बहुतेक शिक्षक ‘शाब्बास’ म्हणून पुढे जातील. जाऊ नका. ‘मग घड म्हणजे काय?’ असे विचारा. घडातही केळी चिकटलेलीच असतात, तोही झुपकाच. वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग बागवाल्यांची मुले समजावू लागतात, की घडाचा एक लांब दांडा असतो, त्यावर थोड्या थोड्या अंतराने फण्या येतात, कापणीनंतर त्या दांड्यापासून सोडवतात. या बोलण्यातूनच पाचवे वाक्य निघते: ‘फणी म्हणजे केळीच्या घडावर एका जागी, देठाशी एकमेकांना जोडून आलेल्या केळ्यांचा झुपका.’

आणि घड? मुले उत्साहात लिहितात, ‘घड म्हणजे एका दांड्यावरच्या सगळ्या फण्या.’ ऐकायला छान. पण फणीची व्याख्या घडावर उभी आणि घडाची फणीवर! ज्याला दोन्ही शब्द माहीत नाहीत तो या दोघांमध्ये येरझाऱ्या घालत राहील. दोघांपैकी एकाला तरी स्वतःच्या पायावर उभे करायला हवे. ‘घड म्हणजे केळीच्या झाडाला एकाच दांड्यावर लागलेली सगळी फळे मिळून झालेला मोठा झुपका.’ यात फणीचे नाव नाही, म्हणून आता फणीच्या व्याख्येत घडाचे नाव चालते.

एका शब्दात तास संपला तर संपू द्या. दहा व्याख्या पाठ करून जे येत नाही ते या एका तासात येते. तासाच्या शेवटी एखादी मुलगी उवा काढायच्या फणीची आठवण करून देईलच. तिला सांगा, तो वेगळा अर्थ आहे, त्याला क्रमांक दोन देऊन वेगळी व्याख्या लिही. एकाच वाक्यात दोन्ही फण्या कोंबू नको.

गाय म्हणजे काय

वर जे झाले त्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. न्यायदर्शनात व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. अन्नंभट्टाने आपल्या तर्कसंग्रहावर स्वतःच दीपिका नावाची टीका लिहिली, तिच्यात हे तिन्ही दोष गायीवरून समजावले आहेत. गाय म्हणजे पिंगट प्राणी म्हटले तर पांढऱ्या-काळ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैस आणि शेळीही आत येतात, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे न दुभंगलेल्या एकाच खुराचा प्राणी म्हटले तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. गायीचे खरे लक्षण म्हणून सांगितली जाते ती सास्ना, म्हणजे मानेखाली लोंबणारी पोळी.

पोळ्याला बैल धुणाऱ्या, सजवणाऱ्या मुलांना ही पोळी दाखवायची गरज नाही. उलट ज्याच्या गोठ्यात संकरित गाय आहे तो मुलगा म्हणेल, ‘सर, आमच्या जर्सीला तर ती नावापुरतीच आहे.’ म्हणू द्या. नवे उदाहरण समोर आले की जुनी व्याख्या पुन्हा तपासावी लागते, हे त्याने तुम्हालाच शिकवले. ज्या अमळनेरात १९१६ साली प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, तिथल्या आसपासच्या शाळांत तरी हे तीन शब्द परके वाटू नयेत.

अर्थात सातवीच्या मुलांपुढे अव्याप्ती-अतिव्याप्ती म्हणायलाच हवे असे नाही. तोकडी, ढगळ आणि भलत्याच्याच मापाची, अशी सदऱ्याची नावे त्यांना चटकन पटतात. ‘डझनभर केळी’ ही तोकडी, ‘केळी’ ही ढगळ. व्याख्येत लागते ते एवढेच, की वस्तू कोणत्या गटातली हे सांगायचे आणि त्या गटातल्या इतरांपासून तिला वेगळे काढणारे काय तेही सांगायचे. शास्त्रात गटाला जाती म्हणतात, पण वर्गात हा शब्द टाळलेला बरा. ‘गट’ म्हणूनही काम भागते. गट फार मोठा घेतला की वेगळेपणा सांगता सांगता दमछाक होते. पाटकऱ्याला ‘सजीव’ म्हणून सुरुवात केली तर वाक्य कुठवर न्याल? ‘माणूस’ म्हटले तरी गट मोठाच. ‘पाण्याची पाळी सांभाळणारा गावचा कामगार’ म्हटले की दोन शब्दांत गावाच्या वेशीपर्यंत पोहोचलो.

यासाठी वर्गात खेळता येईल अशी एक उलटी परीक्षा आहे. व्याख्या लिहिलेल्या चिठ्ठीवरचा शब्द झाकायचा आणि ती शेजारच्या बाकाला द्यायची. त्यांनी शब्द ओळखायचा. ‘शेतात वापरतात ते अवजार’ वाचून एक जण नांगर म्हणेल, दुसरा वखर, तिसरा विळा. व्याख्या ढगळ आहे हे शिक्षकाला सांगावे लागत नाही, शेजारचे बाकच सांगते.

अदलाबदल

आता व्याकरण. व्याख्येच्या व्याकरणाचा एक नियम मुलांच्या हाती दिला तर निम्म्या चुका आपोआप जातात. ज्या शब्दाची व्याख्या करायची तो वाक्यातून काढा आणि त्या जागी तुमची व्याख्या बसवून वाचा. वाक्य चालले तर व्याख्या बरोबर, अडखळले तर चूक.

‘कोरडवाहू’ घ्या. ‘कोरडवाहू म्हणजे जिथे विहीर नसते.’ बसवून पाहा: ‘आमची जिथे विहीर नसते जमीन पाच एकर आहे.’ वर्ग हसतो. आता ‘फक्त पावसाच्या पाण्यावर पिकणारी’ असे लिहा. ‘आमची फक्त पावसाच्या पाण्यावर पिकणारी जमीन पाच एकर आहे.’ चालले. कोरडवाहू हे विशेषण आहे, म्हणून त्याची व्याख्याही विशेषणासारखीच नामाला चिकटली पाहिजे. सुरुवातीच्या ‘प्रामाणिक म्हणजे खरे बोलणे’ मध्ये बिघडले ते हेच. ‘खरे बोलणे’ हे काम झाले आणि ‘प्रामाणिक’ हा गुण दाखवणारा शब्द. ‘कुणाला न फसवता खरेपणाने वागणारा’ म्हटले की ‘प्रामाणिक माणूस’ मधल्या प्रामाणिकच्या जागी ते नीट बसते.

क्रियापदाची व्याख्या ‘णे’ने संपवायची. ‘वेचणे म्हणजे कापसाची बोंडे असतात ती’ असे लिहिणारा मुलगा कामाची व्याख्या वस्तूने करतो आहे. ‘वेचणे म्हणजे फुटलेल्या बोंडांतला कापूस हाताने काढून गोळा करणे.’ इथे आणखी एक प्रश्न विचारता येतो: शेतात सांडलेले दाणेही वेचतात, मग ही व्याख्या तोकडी नाही का? वर्गाने ठरवू दे. कापसापुरती व्याख्या हवी असेल तर ‘कापूस वेचणे’ असा पूर्ण शब्दप्रयोग घ्या, नाहीतर ‘विखुरलेल्या किंवा झाडाला लागलेल्या गोष्टी एकेक करून उचलणे’ अशी मोठी व्याख्या करा.

नामाची व्याख्या नामाने संपते. ‘जेव्हा’, ‘जिथे’, ‘ज्यात’ यांनी सुरू होणारी बहुतेक वाक्ये याच ठिकाणी फसतात. ‘धरण म्हणजे जिथे पाणी अडवतात ते’ ऐवजी ‘धरण म्हणजे नदीचे पाणी अडवून साठवण्यासाठी बांधलेली भिंत.’ ‘दुष्काळ म्हणजे पाऊस न पडल्यामुळे किंवा फार कमी पडल्यामुळे येणारी अन्नपाण्याची टंचाई.’ मुलांना शेवटच्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. भिंत, टंचाई, झुपका, अवजार. रेघ मारता आली नाही, तर व्याख्येला टेकायला गटच नाही.

‘ज्या... त्या’ची व्याख्या ही आपल्या पाठ्यपुस्तकांची आवडती रचना. ती वाईट नाही, फक्त तिला मुले अर्ध्यावर सोडतात किंवा मध्येच वचन बदलतात. ‘ज्या प्राण्यांना पाठीचा कणा असतो त्याला पृष्ठवंशीय प्राणी म्हणतात’ असे लिहिलेले दिसते. ज्या प्राण्यांना, तर त्यांना. ‘ज्या शब्दाने’, तर ‘त्या शब्दाला’. दोन्ही बाजूंची तोंडे जुळतात का, एवढेच तपासायचे. दुसरी खोड म्हणजे दोन रचना एकत्र करणे: ‘शिक्षक म्हणजे जो शिकवतो त्याला शिक्षक म्हणतात.’ ‘म्हणजे’ने सुरुवात केली की शेवटी ‘म्हणतात’ नको, आणि ‘म्हणतात’ हवे असेल तर आरंभीचे ‘म्हणजे’ काढा.

एक टिंबही अर्थ बदलते. ‘कळप म्हणजे प्राण्याचा समूह’ यात प्राणी एकच आहे, मग समूह कसला? ‘प्राण्यांचा समूह’ हवा. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा हे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत १९६२ पासून आहे. शुद्धलेखनाच्या तासाला हा नियम मुलांना कटकट वाटतो. व्याख्येच्या तासाला त्याचे कारणच डोळ्यांपुढे येते.

उरली ती वर्तुळाकार व्याख्या. कोळपणे म्हणजे कोळपे चालवणे आणि कोळपे म्हणजे कोळपण्याचे अवजार. घड आणि फणीचाच हा प्रकार. कोळप्याची व्याख्या ‘पिकाच्या दोन ओळींतले तण काढण्याचे, बैलांनी ओढायचे अवजार’ अशी स्वतंत्र केली की ‘कोळपणे म्हणजे कोळपे चालवून तण काढणे’ यात काहीच चूक राहत नाही. कोशातही पुष्कळ ठिकाणी असेच असते, एक शब्द पूर्ण सांगायचा आणि त्यावरून झालेले शब्द त्याच्या आधाराने.

कोश काढून दाखवा

व्याख्या कशा लिहितात ते मुलांना एकदा कोशात दाखवावे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश सात विभागांचा आहे. तो आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मुलांना फार वाचायला लावू नका. एका शब्दासमोर पु., स्त्री., न., वि. किंवा क्रि. यांपैकी काय लिहिले आहे आणि पुढची व्याख्या त्याच प्रकारच्या शब्दाने संपते का, एवढेच बघायला सांगा. जुन्या कोशातली एखादी व्याख्या सदोष निघाली तर तीही फळ्यावर येऊ द्या. कोशकारही माणसेच होती.

आणि ही माणसे आपल्या परिसराला अनोळखी नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आयुष्य १९२६च्या अखेरीस धुळ्यातच संपले, आणि त्यांचा धातुकोश धुळ्यातील त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने पुढे छापला. फार्शी-मराठी कोश करणारे माधव जूलियन १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तर मराठी व्युत्पत्ति कोश करणारे कृ. पां. कुलकर्णी १९५२च्या अमळनेरच्या संमेलनाचे. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचा. ही नावे सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी सांगू नका. शब्दाचा अर्थ लिहिणे हे मोठ्या माणसांचे रीतसर काम आहे, एवढे मुलांना त्यातून कळले तरी पुरे.

बोलीचे शब्द आणि अनेक अर्थ

शब्दांना घरचे अर्थ असतात आणि ते गावागणिक बदलतात. ‘फड’ हा शब्द त्यासाठी फार उपयोगी आहे. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत नदीवर बंधारा घालून पाट काढतात आणि पाटाखालच्या शेतीचे मोठे तुकडे पाडतात. या तुकड्यांना फड म्हणतात. एका हंगामात एका फडात सगळ्या शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाण्याचा हिशेब सोपा राहतो. पाणी द्यायला पाटकरी असतो, राखणीला जागल्या. साखर कारखान्याच्या भागातल्या मुलाला विचारा, तो ऊसतोडीचा फड सांगेल. तमाशाचा फड निराळाच. आजोबा म्हणतील, कुस्तीचाही असतो.

चार मुलांनी चार व्याख्या आणल्या की एकाला बरोबर आणि तिघांना चूक ठरवायचा मोह आवरा. आधी सगळ्यांकडून एकेक वाक्य घ्या, ज्यात तो शब्द आलेला आहे. ‘औंदा आमच्या फडात गहू आहे.’ ‘बाबा फडावर गेलेत.’ वाक्य हाती आले की कोणत्या अर्थाची व्याख्या करायची ते ठरते. वाक्याशिवाय शब्दाची व्याख्या मागूच नये, असे माझे मत आहे. परीक्षेत मात्र सुटा शब्दच विचारतात, त्याला इलाज नाही. तिथे मुलाने मनात वाक्य करून घ्यायचे.

अहिराणी, लेवा बोली किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पावरी घरी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळ्याने सांगायला हवा. ही मुले व्याख्या आधी घरच्या भाषेत करतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ला’च्या जागी ‘ले’ येते, ‘आहे’च्या जागी ‘शे’. तोंडी व्याख्या त्या बोलीतच येऊ द्या, वर्गात कुणाला हसू देऊ नका. गट बरोबर आहे का, वेगळेपणा आला का, हे आधी पाहा; हे दोन्ही जमले तर काम झाले आहे. मग लिहिताना प्रमाण मराठीत कसे उतरवायचे ते एकेका वाक्यात दाखवा. उलट क्रमाने गेलात, आधी भाषा सुधारत बसलात, तर मूल विचार करायचे सोडते आणि तुमच्या तोंडचे शब्द ऐकून तेच लिहिते. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी बोलीचा शब्दकोश शाळेच्या ग्रंथालयात असेल तर तो या कामासाठी जरूर वापरावा. नसेल तर मागवावा.

काही शब्दांपाशी थोडे थांबा. पदार्थाची व्याख्या विचारली की मुले सगळी कृती लिहितात. भरिताला चार ओळी, मांड्याला दहा. कृती आणि व्याख्या यांतला फरक दाखवायला एकेक गोष्ट वगळून पाहा. मांडा म्हणजे ‘कणकेत पुरण भरून, हातांवर पातळ पसरवून, उपड्या खापरावर भाजलेली मोठी पोळी.’ यातले खापर काढले तर? साधी पुरणपोळी उरते, म्हणजे खापर हवेच. आता भरिताकडे वळा. तुरीच्या काड्यांवर भाजलेले वांगे हे व्याख्येत हवे का? ‘वांगे भाजून, साल काढून, ठेचून केलेले तोंडी लावणे’ एवढे पुरते. जळगावकर यावर हुज्जत घालतील आणि गॅसवर भाजलेले भरीत हे भरीतच नव्हे म्हणतील. घालू द्या, हुज्जतीतही व्याख्येचेच काम चालते.

लाज, माया, अभिमान यांसारख्या मनाच्या शब्दांना गट सापडायला अवघड जाते; ‘भावना’ म्हणून सुरू करावे आणि ती कधी येते ते सांगावे, एवढे शाळेत पुरे. विज्ञानातल्या व्याख्या ठरलेल्या असतात आणि त्या ठरल्यासारख्याच लिहाव्या लागतात. पण त्याही आता मुलाला उलगडतात. प्रकाशसंश्लेषण ही ‘प्रक्रिया’, त्याखाली रेघ. कुणाची, कशाच्या साहाय्याने, कशापासून काय तयार करणारी, हा वेगळेपणा. रेघ मारून वाचलेली व्याख्या पाठ करायला सोपी जाते आणि एक शब्द विसरला तरी पूर्ण कोसळत नाही.

गुण देताना

तपासताना दोन गुणांच्या व्याख्येला पूर्ण किंवा शून्य असे करू नका. गट बरोबर असेल तर अर्धा, वेगळेपणा बरोबर असेल तर एक, वाक्य शुद्ध असेल तर अर्धा. मुलाला आपले कुठे चुकले ते एका नजरेत दिसते. शेऱ्यात ‘चूक’ लिहिण्यापेक्षा ‘ढगळ’, ‘तोकडी’, ‘गट नाही’, ‘वर्तुळ’ यांपैकी एक शब्द लिहा. महिनाभरात मुले एकमेकांच्या वह्यांवर हेच शेरे मारू लागतील. ते थांबवू नका.

चांगल्या व्याख्यांना भिंतीवर जागा द्या. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. आठवड्याला एक कागद तर आपल्यालाही जमेल. त्यावर शब्द, त्याखाली मुलाची व्याख्या आणि मुलाचे नाव. पाचवीतली मुले मधल्या सुट्टीत तो वाचतात आणि चुका शोधतात, ही तर फुकटची उजळणी.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. खानदेशातल्या लेकी माहेरी येतात आणि मुले आजोळी जातात. सुट्टीचा गृहपाठ म्हणून मुलांना निबंध देऊ नका. आजी-आजोबांकडून, मामा-मावशीकडून आपल्या वर्गात कुणाला माहीत नसतील असे पाच शब्द आणायला सांगा. प्रत्येक शब्द ज्यात आला ते त्यांच्या तोंडचे वाक्य, मग मुलाने स्वतः केलेली व्याख्या, आणि खाली शब्द सांगणाऱ्याचे गाव. तीस मुलांचा वर्ग असेल तर जूनमध्ये शाळेत दीडशे शब्दांची वही तयार होते. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद करून ठेवू नका. पुढच्या वर्षीच्या सातवीला पहिल्याच आठवड्यात तपासायला द्या.